मक्की न्हाव्याची मोठी जोडी

मक्की न्हावी तुम्हाला किती माहीत होता, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर 'डावीकडून' असं आहे. त्याच्या दुकानात खुर्ची अशी ठेवलेली होती की काम करताना त्याची डावी बाजू गल्लीकडे यायची. गल्लीच्या पलीकडे माझं दुकान, जलाब्याला, म्हणजे आमच्या लांब अंगरख्याला, लागणाऱ्या गुंड्या आणि रेशमी गोफांचं. मधून एक लादलेलं खेचर जेमतेम जाईल एवढीच वाट. आयुष्यभर मी समोर त्याचा डावा कान आणि डावी मिशी बघत बसलो. दाढी त्याच्याचकडे करून घ्यायचो, पण मला वस्तऱ्याची भीती, त्यामुळे तेवढा वेळ डोळे मिटलेले. सरहद्दीपलीकडे वहरान शहरात त्याची एक बहीण होती, हे मला त्याच्या दफनाच्या दिवशी कळलं. तेव्हा खाली जे लिहिलंय त्यात काही चुकलं असेल तर ते उजव्या बाजूचं समजावं.

आमच्या फेझमध्ये न्हावी नुसती दाढी करत नाही. दात काढतो, सुंता करतो, लग्नं जमवतो, आणि गिऱ्हाईक हलू शकत नसल्यामुळे बोलतो. प्रत्येक न्हाव्याचा एक विषय असतो. खालच्या चौकातला फुटबॉलवर बोलायचा, मशिदीजवळचा आपल्या मूळव्याधीवर. आमचा मक्की एका आकड्यावर बोलायचा. सतरा हजार दोनशे शहाण्णव.

हा आकडा त्याला वडिलांकडून आला. वडील मदरशातल्या विद्यार्थ्यांची डोकी भादरायचे, आणि विद्यार्थ्यांची डोकी भादरताना थोडंफार ज्ञान हाताला लागतंच, असं मक्की म्हणायचा. त्याची सुरुवात नेहमी लहान जोडीपासून व्हायची. दोनशे वीसला ज्या ज्या आकड्यानं पूर्ण भाग जातो ते सगळे घ्या. एक, दोन, चार, पाच, दहा, अकरा, वीस, बावीस, चव्वेचाळीस, पंचावन्न, एकशे दहा. मिळवा. दोनशे चौऱ्याऐंशी. आता दोनशे चौऱ्याऐंशीचे असेच भाग घेऊन मिळवा. परत दोनशे वीस. म्हणजे ह्याचे तुकडे जोडले की तो होतो, आणि त्याचे तुकडे जोडले की हा. एकमेकांवर जीव असलेले आकडे, असं आमच्याकडे त्यांना म्हणतात. जुनी माणसं खाण्याच्या पदार्थावर एक आकडा लिहून नवऱ्याला द्यायची, दुसरा लिहून नवरीला. मोठा आपण खायचा, लहान आपल्याला हव्या असलेल्या माणसाला खायला घालायचा. मग ते माणूस कुठे जात नाही.

"पण दोनशे वीस हा नव्या लग्नाचा आकडा," मक्की फेस फिरवत म्हणायचा. "महिना दोन महिने पुरतो. मुरलेल्या संसाराला मोठी जोडी लागते."

मोठी जोडी म्हणजे सतरा हजार दोनशे शहाण्णव आणि अठरा हजार चारशे सोळा. ह्यांचंही अगदी तसंच आहे. सातशे वर्षांपूर्वी मराकेशच्या एका पंडिताला ही जोडी माहीत होती. मराकेशचं नाव घेताना मक्कीला थोडा त्रास व्हायचा, म्हणून तो लगेच जोडून द्यायचा की तो पंडित शिकवायला फेझमध्येच होता. पुढे तीन-साडेतीनशे वर्षांनी एका फ्रेंचानं हीच जोडी नव्यानं काढली आणि तिकडे ती त्याच्या नावावर चढली. हे सांगताना मक्कीचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर थांबलेला असायचा. "आमची जमीन वापरली, खाणी वापरल्या, ते समजू शकतो. आकडा कशाला न्यायचा?" गिऱ्हाईक कुठल्याही मताचं असलं तरी त्या क्षणी त्याला हे पटायचं.

एवढं सगळं ऐकून हा मोठा गणिती होता असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी त्याचं जमायचं नाही. सुटे पैसे देताना तो गोंधळायचा, आणि नातवंडं किती हे बायकोला विचारून सांगायचा. पण ह्या दोन आकड्यांशी त्याचं घरचं नातं होतं. घरचंच म्हणायला हवं, कारण त्याच्या मते सतरा हजार दोनशे शहाण्णव म्हणजे तो स्वतः, आणि अठरा हजार चारशे सोळा म्हणजे त्याची बायको, लल्ला बतूल, तुमच्या भाषेत बतूलबाई.

घोटाळा इथेच झाला.

एकदा बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं असताना त्यानं हे नातं फोड करून सांगितलं. आपला आकडा कसा मऊ आहे, दोननं भागा, चारनं, आठनं, सोळानं, तेवीसनं भागा, सत्तेचाळीसनं भागा, कुणी मागितलं की त्याला वाटा मिळतोच. "आणि आमची बतूल," तो म्हणाला, "सोळापर्यंत अगदी सरळ चालते. त्याच्या पुढे मात्र थेट अकराशे एक्कावन्नपर्यंत कुणाचं काही चालत नाही. किती जण येऊन गेले. भागच जात नाही."

दुकान हसलं. मीही इकडे गोफ मोजता मोजता हसलो. आमच्या गल्लीत एका टोकाला बोललेली गोष्ट दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिला शेपटी फुटते, शिंगं फुटतात, मग कुणी ती मनावर घेत नाही. ही गोष्ट दुर्दैवानं जशीच्या तशी पोचली. बायकांच्या हमाममध्ये, वाफेत बसलेल्या लल्ला बतूलला कुणीतरी पाठ घासता घासता सांगितलं की तुझा नवरा म्हणतो तुला सोळाच्या पुढे भाग जात नाही. तिला त्याचा अर्थ कळला नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं.

ती हमाममधून घरी आलीच नाही. ओल्या केसांवर शाल घेऊन थेट नदीपलीकडे अंदलूसच्या बाजूला भावाकडे गेली.

भाऊ म्हणजे हाज मुफद्दल. कातड्यांचा दलाल, आवाज असा की रसीफच्या पुलावर खोकला तर आमच्याकडे कळावं. मक्कीचं आणि त्याचं फार वर्षांपासून बोलणं नव्हतं. मक्कीनं त्याची दुखरी दाढ म्हणून शेजारची चांगली दाढ काढली होती, आणि वर, शेजारचीही उद्या दुखलीच असती, असं म्हणाला होता. तेव्हा तिकडे जाऊन बायकोला परत बोलावण्याचा रस्ता बंद. माणूस पाठवावा तर निरोप हाज दारातच गिळणार.

मक्की बोलायचा बंद झाला. न्हाव्याच्या दुकानात शांतता म्हणजे फार वाईट. गिऱ्हाइकं डोळे उघडून बसू लागली. जलाब्याला सुरकुत्या, टोपी उलटी. एक दिवस दुपारी माझ्या दुकानात येऊन तो गुंड्यांच्या खोक्यावर बसला.

"सी थामी," तो मला म्हणाला, सी म्हणजे आमच्याकडचं 'राव', "मला पाव करायला मदत करा."

मला पाव करता येत नाही हे मी सांगितलं. त्यालाही येत नव्हता. पण बेत पक्का होता. दोन पाव करायचे. एकावर सतरा हजार दोनशे शहाण्णव कोरायचं, तो बतूलनं खायचा. दुसऱ्यावर अठरा हजार चारशे सोळा, तो आपण खायचा. मी जरा विचार करून विचारलं, म्हणजे ती तुम्हाला खाणार आणि तुम्ही तिला?

"ते तर लग्नापासून चाललंय," मक्की म्हणाला. "ह्या वेळेला नियमानं खाऊ."

त्याच्या घरी आम्ही कणीक मळली. म्हणजे त्यानं मळली, मी पाणी घातलं, आणि प्रत्येक वेळी जास्त घातलं. तो साबणाचा फेस काढावा तसा बोटांनी गोल गोल फिरवत होता. शेवटी दोन गोळे जमले. त्यानं पेटीतला सगळ्यात चांगला वस्तरा काढला, उकळत्या पाण्यानं धुतला, बिस्मिल्ला म्हणून आकडे कोरले. कणीक फुगल्यावर नऊचं पोट सुटलं, पण वाचता येत होतं.

आता तो पाव तिच्यापर्यंत कसा जाणार? आमच्याकडे घरी कुणी भाजत नाही. प्रत्येक घरातून कच्चे पाव फळीवर घालून मोहल्ल्याच्या भट्टीत जातात. प्रत्येक घराची पावावर आपापली खूण असते. कुणाची काट्याची टोचणी, कुणाचा लाकडी शिक्का. भट्टीवाला खुणेवरून कुणाचा पाव कुणाच्या फळीवर ते ओळखतो. मक्कीचा हिशेब सोपा होता. हाजच्या मोहल्ल्याची भट्टी गाठायची, भट्टीवाल्याला सांगायचं की हा पाव हाजच्या घरच्या फळीवर ठेव, लल्ला बतूलसाठी म्हणून.

आम्ही नदी ओलांडून गेलो. मी फळी धरली होती, कारण मक्कीचे हात थरथरत होते. वस्तरा धरणारे हात इतके थरथरताना मी पहिल्यांदा पाहिले आणि पुढचा महिनाभर दाढी वाढवली. तिथला भट्टीवाला बा अल्लाल, धुरानं डोळे लाल झालेला म्हातारा. त्यानं पाव आगीच्या उजेडात धरला.

"ही कुणाची खूण?"

"माझी," मक्की म्हणाला.

"एवढी लांब? घर किती मोठं आहे तुमचं?"

तरी त्यानं पाव आत सारला. पाव नीट भाजला जातो की नाही हे बघायला आम्ही समोरच्या कोळशाच्या पोत्यांआड उभे राहिलो. आणि तेव्हा रसीफच्या बाजारातून अंजिरांचा पुडा घेऊन हाज मुफद्दल स्वतः तिकडून आला. एरवी त्या घरची फळी न्यायला पोरं यायची. त्या दिवशी हाज घरी चाललाच होता, बा अल्लालनं हाक मारून फळी त्याच्या हातात दिली आणि आकड्याच्या पावाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. हाजनं मान हलवली. काय ऐकलं कोण जाणे, तो ऐकणारा माणूस नव्हे.

गरम पाव घेऊन घरी जाताना कडेचा एक तुकडा न मोडणारा माणूस आमच्या शहरात अजून जन्मलेला नाही. हाजनंही मोडला. सगळ्यात वरचा, अर्थातच. एक घास खाऊन तो थांबला, पावाकडे बघितलं. मग तिथल्याच एका ओट्यावर टेकला, पुडा उघडला, आणि सतरा हजार दोनशे शहाण्णव अंजिरांबरोबर शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाऊन टाकले.

मक्कीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. ओरडावं तर उपाय फुकट जातो, कारण खाणाऱ्याला कळता कामा नये. "सी थामी," तो एवढंच म्हणाला, "अख्खा मी त्याच्या पोटात गेलो."

आपल्या वाटचा पाव त्यानं आमच्या मोहल्ल्याच्या भट्टीतून भाजून आणला आणि घरी येऊन खाल्ला. अर्धी बाजू तरी नियमाप्रमाणे व्हावी म्हणून. तो इतका अळणी होता की खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ घालायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाज मुफद्दल गल्लीत हजर. आधी आवाज आला, मग तो. सरळ मक्कीच्या दुकानात शिरला, खुर्चीत बसला, गळा वर केला आणि म्हणाला, "कर."

मक्कीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

खरं कारण साधं होतं. हाजला डॉक्टरनं मीठ बंद केलेलं. घरच्या बायका त्याच्यासाठी म्हणून बिनमिठाचा पाव करायच्या आणि सवयीनं मीठ घालायच्या. डॉक्टर ओरडायचा, पाय सुजायचे. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्याला खराखुरा अळणी पाव मिळाला होता. भट्टीवाल्याला विचारून तो पाव करणाऱ्यापर्यंत पोचला होता. दाढ तो विसरला नव्हता, पण पाय जास्त दुखत होते.

हे सगळं त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं, तरी मक्कीला ते पटेना. त्याच्या मते आकड्यानं काम केलं होतं, चुकीच्या माणसावर. आणि पुरावे वाढत गेले. हाज रोज येऊ लागला. दाढी एकदा होते, तो संध्याकाळपर्यंत बसायचा. गिऱ्हाइकांना कातड्याचे भाव सांगायचा, माझ्या गुंड्यांना नावं ठेवायचा, मक्कीला 'माझ्या लेकरा' म्हणायचा. मक्की त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. हाजला दर दिवशी एक पाव लागायचा, आणि मक्की घाबरून करून द्यायचा, ह्या वेळी काहीही न कोरता.

"सी थामी," मक्की एकदा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काल त्याच्या विनोदाला मी हसलो."

"सगळेच हसले."

"मी आधी हसलो."

पण ह्याच हाजमुळे पुढचं घडलं. तो घरी जाऊन सगळं सांगायचा, कारण त्याला काही पोटात ठेवता यायचं नाही, मीठ तर नाहीच. एका संध्याकाळी जेवताना त्यानं बहिणीला सांगितलं की तुझा नवरा स्वतःच्या हातानं पाव करतो, आणि पहिला तर तुझ्याच नावानं आला होता, मीच खाल्ला, उत्तम होता. बतूल म्हणाली, माझ्या नावानं कशावरून? हाज म्हणाला, भट्टीवाला म्हणत होता खरं. त्यावर खूण म्हणून एक लांबलचक आकडा होता. तिनं विचारलं, कुठला? हाजला आठवेना. बरंच डोकं खाजवून म्हणाला, सतरानं सुरू व्हायचा.

त्यावर बतूल भरल्या ताटावरून उठली, हे आम्हाला हाजनंच दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून सांगितलं. अर्ध्या चेहऱ्याला फेस होता. आणि तेवढ्यात ती गल्लीच्या तोंडाशी दिसली.

न्हाव्याच्या दुकानात बाई पाऊल टाकत नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, म्हणजे जवळजवळ माझ्याच दुकानात. मी नसल्यासारखा झालो, ते मला चांगलं जमतं. मागे एक खेचरवाला येऊन थांबला. बाजूला व्हा म्हणून ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"सतरा हजारांचा पाव तुम्ही पाठवला होता?" तिनं विचारलं.

"पाठवला होता."

"मीठ?"

"विसरलो."

"चारचौघांत म्हणालात, मला भाग जात नाही."

"म्हणालो," मक्की म्हणाला.

"नाही म्हण, नाही म्हण," हाज फेसातून पुटपुटला. पण त्या आकड्याबद्दल मक्की खोटं बोलू शकत नव्हता.

"सोळाच्या पुढे नाहीच जात. पण पुढचं कुणी ऐकून घेत नाही. दाढी झाली की लोक उठून जातात."

"काय आहे पुढचं?"

मक्कीनं वस्तरा पुसून खाली ठेवला. "तुझे जे थोडेसे भाग आहेत ते मिळवले की मी होतो. आणि माझे भाग, तेवीसचे, सत्तेचाळीसचे, इकडे तिकडे वाटलेले, ते सगळे गोळा करून मिळवले की तू होतेस. काही उरत नाही."

खेचरानं कान हलवले. खेचरवाल्यानं त्याच्या नाकावर हात ठेवला.

"सगळे मिळवून?" बतूलनं विचारलं.

"सगळे. अगदी एकसुद्धा. लोक एक धरायला विसरतात. एक सोडला तर मी तुझ्यापर्यंत पोचत नाही, एकानं कमी पडतो."

"लग्न झाल्यापासून तेवढाच कमी पडताय," ती म्हणाली.

सगळी गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं हाज हसला, आणि फेस आरशावर उडाला. मक्की हसला नाही, तो तिच्याकडे बघत होता. तिनं शाल सारखी केली. "ह्यांचं उरकून घ्या. मी घरी जाते. किल्ली कुठेय?"

किल्ली त्याच्या खिशात होती. ती देताना त्याला उंबऱ्याबाहेर यावं लागलं, आणि बहुधा त्या एकाच वेळी मला त्याला समोरून नीट पाहता आलं असतं. पण मी मान खाली घातली होती.

तिची एक अट होती, ती नंतर कळली. ह्यापुढे दुकानात ती सतरा हजार दोनशे शहाण्णव, आणि तो अठरा हजार चारशे सोळा. मक्कीनं म्हणे खूप समजावलं की वडिलांच्या वेळेपासून असं आहे. ती म्हणाली, मग तुम्ही होऊन बघा ना न भागणारे. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगायचा की आपण फार कडक, आपल्याला सोळाच्या पुढे कुणी भागू शकत नाही. त्याच वेळी एका हातानं हाजसाठी पाव गुंडाळत असायचा, दुसऱ्या हातानं माझ्या पडलेल्या गुंड्या वेचून देत असायचा, आणि घरून निरोप आला की अर्धी दाढी टाकून पळायचा. कुणी काही बोलायचं नाही. वस्तरा त्याच्या हातात होता.

हाज येतच राहिला. आकड्यामुळे की मिठामुळे, हा वाद दुकानात कधी मिटला नाही. मला विचारलं तर मी दोघांनाही होय म्हणायचो.

शेवटचं आमचं बोलणं झालं ते थंडीतल्या एका संध्याकाळी. मी लवकर दुकान बंद करत होतो. समोर हाज खुर्चीत घोरत होता, आणि मक्की त्याच्या अंगावर पंचा टाकत होता.

"सी थामी," त्यानं हळू आवाजात हाक मारली, "घरावरून जाताना बतूलला सांगा, हाज जेवायला आहे."

"सांगतो."

"आणि ते दार तेवढं ओढून घ्या, वारं येतंय."

"घेतो," मी म्हणालो, आणि ओढून घेतलं.